कॉमिक्स कुठून वाचायला सुरुवात करू? चाळीसगावपासून

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याहून मामेबहिणीचा मेसेज आला. "दादा, ॲनिमे बघून कंटाळा आलाय. वाचायला कॉमिक्स सुचव ना. सगळ्या टाइपची. दहा तरी सांग."

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'नारुतो' आणि 'अटॅक ऑन टायटन' फोनवर संपवून बसलेली. आणि मी म्हणजे आमच्या घराण्यातला 'नोकरीला लागला तरी चित्रांची पुस्तकं वाचणारा'. प्रश्न योग्य माणसाकडे आला होता.

पाच मिनिटांत यादी टाइप केली. 'वॉचमेन', 'माउस', 'सँडमॅन', 'पर्सेपोलिस', 'अकिरा'... पाठवायच्या आधी एकदा वाचली आणि खोडून टाकली. तिच्यात चूक काही नव्हती, पण ती कुणीही कुणालाही दिली असती. ऑफिसात मी जो कोड लिहितो तो साधारण हेच करतो: ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं, तर तुम्हीही घ्या. त्या कोडला तुमच्यासारखे हजारो लोक माहीत असतात. तुमचं लोकेशनसुद्धा माहीत असतं. त्या लोकेशनवर पूर्वी काय घडलं होतं, ते मात्र माहीत नसतं.

म्हणून दुसरी यादी केली. हा लेख म्हणजे तीच यादी, कारणांसकट. ती जगभर फिरते आणि शेवटी आपल्या दोन जिल्ह्यांत येते, कारण भारतातल्या दोन फार महत्त्वाच्या ग्राफिक कादंबऱ्यांचा रस्ता खानदेशातून जातो. हे मला स्वतःला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

एकच अट

पुस्तक यादीत घ्यायला एक अट ठेवली. तीच गोष्ट नुसत्या शब्दांत सांगितली किंवा सिनेमात दाखवली, तर तिच्यातलं काहीतरी मोलाचं गळून पडलं पाहिजे. तसं होत नसेल तर ती कॉमिक्समध्ये कशाला सांगायची?

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' नावाचं पुस्तक काढलं. कॉमिक्स कसं चालतं हे सांगणारं, आणि स्वतःही कॉमिक्सच असलेलं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की कॉमिक्समधली अर्धी घटना दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत घडते. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उठलेली किंकाळी. घाव कुणी घातला? चित्रकाराने तर तो काढलाच नाही. तो वाचणाऱ्याने घातला. कादंबरीत मधली जागा वाक्यं भरतात, सिनेमात कॅमेरा भरतो. इथे ती तुम्हाला भरावी लागते.

जळगावच्या पोरांना हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. शाळेची सहल अजिंठ्याला गेलेली असतेच. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट रंगवलेली आहे. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. चौकटी नाहीत. खांब, दारं, झाडं, खडक यांच्यावरून एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे ओळखायचं. कलेतिहासकार विद्या देहेजिया यांनी दाखवून दिलं आहे, की अजिंठ्याच्या कित्येक भिंतींवर प्रसंग काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत, जागेप्रमाणे लावलेले आहेत. राजवाड्यातलं सगळं एकीकडे, अरण्यातलं सगळं दुसरीकडे. क्रम बघणाऱ्याने लावायचा. म्हणजे ज्याला गोष्ट आधीच माहीत आहे त्याला भिंत वाचता येते, आणि ज्याला माहीत नाही त्याला नुसती सुंदर चित्रं दिसतात. सहलीत आम्हाला नुसती सुंदर चित्रं दिसली.

हा फरक लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

फलाटावरचा तास

आईला एसटी लागायची. म्हणून देवपूरला मामाकडे जाताना आम्ही जळगावहून चाळीसगावपर्यंत रेल्वेने जायचो आणि तिथून धुळे पॅसेंजर पकडायचो. चाळीसगावच्या फलाटावर तास-दीड तास काढावा लागायचा. त्या तासाची लाच म्हणून मला एक कॉमिक्स मिळायचं, बहुतेक वेळा हिंदी: नागराज, डोगा, चाचा चौधरी. खानदेशात हिंदी कॉमिक्स वाचण्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. नागराजच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं प्रताप मुळीक या पुण्याच्या चित्रकाराने काढलेली होती, हे मात्र पुष्कळ वर्षांनी कळलं.

बाबांच्या ट्रंकेत 'इंद्रजाल'चे मराठी अंक होते. १९६४ ते १९९० अशी सव्वीस वर्षं चाललेली ही मालिका. त्यातला वेताळ आज वाचला तर खटकतो: जंगलातल्या काळ्या माणसांचा रक्षक पिढ्यान्‌पिढ्या एक गोराच. त्याच मालिकेत १९७६ साली आबिद सुरतींनी आणलेला 'बहादूर' अजून चांगला वाटतो, कारण त्याचे दरोडेखोर आणि त्याची गावं ओळखीची आहेत. 'अमर चित्र कथे'तले गोरे देव आणि काळे राक्षस मोठेपणी दिसायला लागले की पुन्हा न दिसणं अवघड. आणि १९९१ पासून वर्तमानपत्रात येणारा चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तीन चौकटींत एक मध्यमवर्गीय मराठी घर उभं करणं सोपं नसतं.

ही सगळी लहानपणाची माया. आता बहिणीची यादी.

प्रकार अनेक, अट तीच

विनोदात पहिलं नाव बिल वॉटरसनच्या 'कॅल्विन अँड हॉब्ज'चं (१९८५ ते १९९५). सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वाघ. मुलगा एकटा असतो तेव्हा वाघ जिवंत असतो, दुसरं कुणी चौकटीत आलं की तो कापडी खेळणं होतो. खरं काय हे वॉटरसन कधीच सांगत नाही. सिनेमात दोघांपैकी एक निवडावं लागेल. कॉमिक्समध्ये दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

थरार हवा असेल तर नाओकी उरासावाचं 'मॉन्स्टर'. जर्मनीत काम करणारा एक जपानी सर्जन वरिष्ठांचं न ऐकता आधी आलेल्या मुलाचा जीव वाचवतो, आणि तो मुलगा मोठेपणी थंड डोक्याचा खुनी निघतो. उरासावाचं कौशल्य चेहऱ्यांमध्ये आहे. दोन पानांपुरत्या आलेल्या हमालालाही तो स्वतःचा चेहरा देतो, त्यामुळे प्रत्येक मरण लागतं. (मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची. पहिली वीस पानं डोकं फिरतं, मग सवय होते.)

भयात जुन्जी इतोचं 'उझुमाकी'. एका गावाला चक्राकार आकृतीचं वेड लागतं, बस. भूत नाही, शाप देणारी म्हातारी नाही, नुसता आकार. इथे फोनवर वाचणाऱ्यांसाठी सूचना. इतो आपलं सगळ्यात भयानक चित्र पान उलटल्यावर दिसेल अशा जागी ठेवतो. ते पान उलटणारं बोट तुमचं असतं, म्हणून भीती वाटते. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचलं तर ही रचनाच मोडते. एक पान पूर्ण बघा, मग झूम करा. आणि फोनवरच वाचायचं असेल तर कोरियन वेबटून वाचा. ती वरून खाली सरकणाऱ्या अंगठ्यासाठीच बनवलेली असतात. छापील पान फोनमध्ये कोंबणं आणि फोनसाठी काढलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुपरहिरोंमध्ये 'वॉचमेन' (१९८६-८७). हे नाव प्रत्येक यादीत असतं आणि ते बरोबर आहे. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स जवळजवळ सगळी गोष्ट नऊ सारख्या चौकटींच्या जाळीत बसवतात. पाचवा भाग तर आरशासारखा आहे: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानासारखी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यासारखी. इंजिनिअरला हे आवडतं. पण थोडं गारही वाटतं, हेही सांगतो.

आत्मकथनात 'पर्सेपोलिस' आणि 'माउस'. पहिल्यात मर्जान सत्रपी इराणच्या क्रांतीतलं आपलं बालपण इतक्या साध्या काळ्या-पांढऱ्या रेषांत काढते की ती आपल्या वर्गातली वाटते. दुसऱ्यात आर्ट स्पीगलमन आपल्या वडिलांची ऑशवित्झची कहाणी सांगतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झर मिळालं. पण माझ्या डोक्यात राहिलेलं चित्र दुसऱ्या भागातलं आहे. तिथे लेखक स्वतःला माणूस म्हणून काढतो, चेहऱ्यावर दोरीने बांधलेला उंदराचा मुखवटा. म्हणजे ही रूपकं खोटी आहेत हे तो स्वतःच कबूल करतो. मलिक सजादच्या 'मुन्नू'मध्ये (२०१५) काश्मिरी माणसं हंगुल हरणांच्या रूपात येतात. 'माउस'नंतर लगेच हे वाचा.

शहरातल्या एकटेपणासाठी अमृता पाटील यांचं 'कारी' (२००८). गोव्याच्या कला महाविद्यालयात शिकलेल्या या चित्रकर्तीची ही पहिली कादंबरी. दोन मुली इमारतीवरून उडी मारतात. एक वाचते आणि देश सोडून जाते. दुसरी, म्हणजे कारी, खालच्या गटारामुळे वाचते आणि त्याच धुरकट शहरात जाहिरातीच्या ऑफिसात काम करत राहते. मुलीचं मुलीवर प्रेम हा विषय इथे वादासाठी येत नाही, तो फक्त तिच्या आयुष्याचा भाग आहे. पुस्तक बरंचसं काळं-करडं आहे, मधेच एखादं पान रंगीत होतं. पुण्यात पहिल्या वर्षी पाच जणांच्या फ्लॅटवर राहताना मी हे वाचलं. खानदेशातून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेल्या प्रत्येकाने वाचावं.

विचाराच्या पुस्तकांत 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११). श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता नैनन यांनी जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरून केलेलं. मूळ १८७३ चं पुस्तकच जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात आहे, त्यामुळे ते कॉमिक्समध्ये यायची जणू वाटच पाहत होतं. काही पानं पत्रकासारखी ओरडतात. पण जोतीरावांचं मूळ लेखनही काही दबक्या आवाजातलं नव्हतं.

इथपर्यंतची यादी कुठल्याही हुशार मित्राने दिली असती. आता ज्यासाठी मी पहिली यादी खोडली, त्याकडे येतो.

चाळीसगाव, १९२९

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होस्टेलवर माझा एक मित्र होता, चाळीसगावचा. त्याने 'भीमायन' हातात ठेवलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेलं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेलं, २०११ साली आलेलं बाबासाहेब आंबेडकरांवरचं पुस्तक. त्याचे तीन भाग आहेत: पाणी, निवारा, प्रवास. तिसऱ्या भागात दौलताबादच्या वाटेवर बाबासाहेबांना पाच वर्षांपूर्वीची एक घटना आठवते, आणि त्या पानावर स्टेशनचं नाव येतं.

मी मित्राला विचारलं, "हे आपलं चाळीसगाव?"

तो म्हणाला, "आपलं नाही, आमचं. आमच्या वस्तीत ही गोष्ट लहान पोरालाही माहीत असते."

गोष्ट अशी. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात अस्पृश्यांच्या तक्रारी ऐकत फिरत होते. चाळीसगावहून धुळ्याच्या लाइनवरच्या एका गावी ते बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला गेले, आणि पुढच्या गाडीने परत चाळीसगावला आले. वस्तीतले लोक स्टेशनवर हार घेऊन उभे होते. मुक्काम महारवाड्यात. अंतर पायी जाण्याजोगं, आणि स्टेशनसमोर टांगेही पुष्कळ. तरी त्यांना तासभर नुसतं थांबवून ठेवलं गेलं. का, ते त्यांना कळेना. मग एक टांगा आला. थोड्या अंतरावर तो मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडाला धडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

नंतर चौकशी केल्यावर कारण कळलं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या बॅरिस्टरने पायी यावं हे वस्तीला सहन होईना. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र तुमचा तुम्ही. मग वस्तीतलाच एक जण लगाम घेऊन बसला, ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता. बाबासाहेबांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे, कुठेही आवाज न चढवता.

आता हे कॉमिक्सच्या नजरेने बघा. या घटनेचं मर्म पडण्यात नाही, त्या तासात आहे. फलाटावर एक माणूस वाट बघतोय, आणि त्याच्या नजरेआड, स्टेशनबाहेर, घासाघीस चालू आहे. तो तास बाबासाहेबांनाही दिसलेला नव्हता. तो दोन चौकटींमधल्या पट्टीत घडला. पहिल्या चौकटीत हार, दुसऱ्या चौकटीत टांगा. मधे काय झालं ते ज्याला माहीत आहे त्याला ही चित्रं एका तऱ्हेने दिसतील, आणि ज्याला माहीत नाही त्याला हा नुसता अपघात वाटेल.

व्याम दांपत्याने या पुस्तकात चौकटी वापरायला नकार दिला. पात्रांना डब्यात कोंबलं की त्यांचा श्वास अडतो, आमची कला 'खुल्ला' आहे, असं त्यांचं म्हणणं. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात ती 'दिग्ना' नक्षी वळणं घेत पानाचे भाग पाडते. आगगाडी सापासारखी सरपटते, किल्ला जनावरासारखा अंगावर येतो. बोलण्याचे फुगे तीन जातींचे. मायेने बोलणाऱ्यांचे पक्ष्याच्या आकाराचे. डंख मारणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी. मनातल्या विचारांच्या फुग्याला डोळा. तिसऱ्या भागापर्यंत येता येता तुम्ही ही खूण इतकी शिकलेले असता, की शब्द वाचायच्या आधीच कुठलं वाक्य लागणार ते कळतं. हे माझ्या अटीत चपखल बसतं. नांगी असलेलं वाक्य गद्यात लिहिता येत नाही.

पुस्तकात दोषही आहेत. गोष्टीला बाहेरून एक चौकट दिली आहे: बसस्टॉपवर एक माणूस आरक्षणाविरुद्ध कुरकुर करतो आणि एक बाई त्याला समजावते. त्या पानांवर चित्रं मागे पडतात, व्याख्यान पुढे येतं. माणसांचे चेहरेही सारखे, मोठ्या डोळ्यांचे, त्यामुळे 'मॉन्स्टर'सारखा एखादा चेहरा लक्षात राहावा असं होत नाही. पण चाळीसगावच्या प्रसंगात हाच सारखेपणा मला योग्य वाटला. नकार देणारा टांगेवाला एक नव्हता, स्टेशनवरचे सगळेच होते. आणि लगाम हातात घेणाराही कुणी वीर नव्हता, वस्तीतला कुणीतरी होता.

मी त्याच फलाटावर दर सुट्टीत तास-दीड तास बसून नागराज वाचलेला आहे. त्याच धुळे लाइनची वाट बघत. माझ्या घरात ही गोष्ट कधी सांगितली गेली नाही. ती लपवली असं म्हणता येणार नाही. ती सांगायची गरज आमच्यापैकी कुणालाच कधी पडली नाही, आणि हे जास्त वाईट आहे. मित्राला ती आजीकडून मिळाली, मला पुस्तकातून मिळाली. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना आम्ही दोघं वाढलो.

धुळे जिल्हा, नंदुरबार होण्याआधी

दुसरं पुस्तक ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. १९९४ साली 'कल्पवृक्ष' या पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेने ते छापलं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. कित्येक वर्षं ते मिळत नव्हतं. २०२२ साली 'ब्लाफ्ट'ने नवी आवृत्ती काढली.

विषय नर्मदेवरचं धरण, पुस्तकात नावं बदलून. विष्णू नावाचा तरुण पत्रकार आंदोलनाची बातमी करायला खोऱ्यात जातो. त्याच वेळी मलगू गायन नावाचा गायक जगाच्या उत्पत्तीची गोष्ट सांगत असतो, आणि नदी त्या गोष्टीतूनच वाहत येते. वर्तमानाची पानं आणि पुराणकथेची पानं वेगवेगळ्या हातांनी काढल्यासारखी दिसतात. आधी दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. पुढे पुढे त्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात, की धरण झालं तर जमिनीबरोबर ही सृष्टीची गोष्टही बुडणार हे लक्षात येतं. वर्तमानपत्रातल्या बातमीत हेक्टर येतात, कुटुंबांची संख्या येते. बुडणाऱ्या गाण्याला रकाना नसतो. तो रकाना ओरिजित सेन यांनी काढला.

यात खानदेश कुठे आला? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली तेहतीस गावं बुडिताखाली येतात. ती अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधी, म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा, ही गावं धुळे जिल्ह्यातच होती. बुडिताचा पहिला तडाखा बसलेल्या मणिबेलीच्या माणसाला कलेक्टरकडे जायचं तर सातपुडा उतरून धुळ्यालाच यावं लागे. माझी बहीण जिथे राहते, त्याच गावात.

विष्णू मला पूर्ण पटला नाही. शहरातला प्रामाणिक मुलगा खेड्यात जातो आणि शहाणा होतो, ही गोष्ट आपण फार वेळा वाचली आहे. आपलं गाव सुटून शहरात आलेली रेलकू बोलते तेव्हा पुस्तक जिवंत होतं. मी बाहेरून आलेल्या माणसाच्या जागी जास्त सहज बसतो, म्हणून कदाचित मला विष्णू जास्त खटकला असेल.

आणि भाषा

या दोन्ही पुस्तकांवर माझा एक राग आहे, आणि तो पुस्तकांवर कमी, आपल्यावर जास्त. चाळीसगावची गोष्ट मी इंग्रजीत वाचली. नर्मदेची इंग्रजीत. जोतीरावांनी मराठीत लिहिलेल्या 'गुलामगिरी'चं कॉमिक्ससुद्धा इंग्रजीत. ज्या जिल्ह्यांनी बहिणाबाई दिल्या, नेमाडे दिले, तिथल्या गोष्टी चित्रांत सांगायची वेळ आली तेव्हा मराठी तिथे हजर नव्हती.

याचं एक कारण आपल्या डोक्यात आहे. मराठी वाचणाऱ्या घरात कॉमिक्स म्हणजे अक्षरओळख होईपर्यंतची सोय. नंतर 'खरी पुस्तकं' वाचायची. म्हणून 'चिंटू' आपल्याला चालतो, पण पाय मोडलेला बॅरिस्टर चित्रांत चालेल का, अशी शंका येते. भित्तिचित्रं पाहायला जगभरचे लोक ज्या जळगाव स्टेशनवर उतरतात, तिथल्या लोकांना चित्रांतली गोष्ट पोरकट वाटावी, हे काही बरं नाही.

दिवाळीत मी दोन्ही पुस्तकं देवपूरला घेऊन गेलो. बहिणीने आधी 'उझुमाकी' वाचून संपवलं होतं, अपेक्षेप्रमाणे. 'भीमायन' बघून म्हणाली, "बसस्टॉपवरची बाई फार शिकवते, दादा." मान्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मामी चकलीचं पीठ मळत होती. ओट्यावर पुस्तक उघडं होतं. मामी इंग्रजी वाचत नाही. तिने सापासारख्या गाडीकडे बघून विचारलं, "हाई काय शे?" मग बहीण पानं उलटत अहिराणीत सांगत गेली. पाणी झालं, निवारा झाला, चाळीसगाव आलं. टांग्याच्या गोष्टीवर मामीने हात थांबवला आणि विचारलं, स्टेशनवर टांगे तर उभे होते ना, मग ज्याला येत नाही त्याला का बसवलं हाकायला?

बहीण माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोललो नाही. मग तिने ते कारण सांगितलं, तिच्या शब्दांत, तिच्या आईला. त्या घरात ते पहिल्यांदाच मोठ्याने बोललं गेलं असावं.

तर यादीचा क्रम असा ठेवा. पहिलं 'भीमायन'. मग 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. मग 'माउस', 'मुन्नू', 'पर्सेपोलिस', 'कारी', 'अ गार्डनर इन द वेस्टलँड'. रात्री एकटं असताना 'उझुमाकी', सलग सुट्टी असेल तेव्हा 'मॉन्स्टर', डोकं ताजं असेल तेव्हा 'वॉचमेन'. 'कॅल्विन अँड हॉब्ज' कधीही. दहाच्या ऐवजी अकरा झाली, चालेल. आणि पहिली दोन वाचताना घरात कुणी "हे काय आहे?" म्हणून विचारलं, तर पुस्तक बाजूला ठेवू नका. त्यांना पानं दाखवत सांगा.